१९९९ चा पावसाळा आणि अरबी समुद्र: जिथे गोळी सुटली नाही, तिथल्या आठवणी

देवगडचा_स्टोकर:

नमस्कार मंडळी.

गेल्या आठवड्यात पुतण्याचा मुलगा घरी आला होता. सातवीत आहे. कपाटात माझी मेडलं दिसली, त्यातल्या एकावर 'ऑपरेशन विजय' वाचून त्याचे डोळे मोठे झाले. "आजोबा, तुम्ही कारगिलला होता?" म्हटलं, नाही रे, मी नौदलात, समुद्रावर होतो. "मग तुम्ही काय केलं?" मला उत्तरच सुचेना. "फेऱ्या मारत होतो," एवढंच तोंडातून निघालं आणि पोराचा चेहरा उतरला. तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाही.

आता जे आहे ते लिहितो. १९९९ मध्ये मी लीडिंग रँकला होतो. लिअँडर वर्गातलं फ्रिगेट म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, माझगाव डॉकमध्ये बांधलेलं, वाफेवर चालणारं. दोन बॉयलर, दोन टर्बाइन, अडीचशेच्या वर माणसं. जहाजाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बरोबरचे पुष्कळजण आहेत आणि प्रत्येकाची आठवण वेगळी असू शकते. माझं काम बॉयलर रूममध्ये.

मे महिन्यात मी पंधरा दिवसांची रजा घेऊन गावी आलो होतो. मिरगाच्या आधी शाकारणी करायची होती. कौलं उतरवून झाली होती, वासे बदलायला घेतले होते आणि पोस्टमन तार घेऊन आला. ताबडतोब जहाजावर हजर व्हा. घर अर्धं उघडं, वर आभाळ. आई म्हणाली, "घर गळता तर गळांदे, तू जा." त्याच रात्री कणकवलीहून गाडी पकडली.

मुंबईला पोचलो तर गोदीत रात्रंदिवस दिवे. दारूगोळा, डिझेल, बॉयलरचं तेल, बटाट्याची पोती, सगळं एकाच वेळी चढत होतं. विशाखापट्टणमची जहाजंही नंतर आमच्या बाजूला आली. पूर्व किनाऱ्यावर व्हायचा उन्हाळी सराव त्या वर्षी अरबी समुद्रात हलवला होता. ऑपरेशनचं नाव 'तलवार' हे आम्हाला बरंच नंतर कळलं. आम्हाला एवढंच माहीत होतं की उत्तरेला जायचंय आणि परत कधी यायचं ते कुणी सांगत नाहीये.

उत्तर अरबी समुद्रात जूनमध्ये काय अवस्था असते ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आपल्या होड्या त्या दिवसांत किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकलेल्या असतात. आम्ही त्याच समुद्रात रोज होतो. रात्री 'डार्कन शिप'. एक दिवा बाहेर दिसता कामा नये, वरच्या डेकवर विडीसुद्धा पेटवायची नाही. खाली बॉयलर रूममध्ये पन्नास अंशांच्या पुढे. चार तासांची वॉच म्हणजे पाळी, मध्ये आठ तास, त्यातही 'अ‍ॅक्शन स्टेशन्स' (लढाईसाठी आपापल्या जागी जायचा इशारा) वाजलं की धावत खाली. अंघोळीचं पाणी ठरावीक मिनिटं. खाऱ्याचं गोडं पाणी करणारं यंत्र जे पाणी देई ते आधी बॉयलरला, उरलं तर माणसाला.

आणि खाली काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक गोष्ट असायची, ती कुणी बोलायचं नाही. बॉयलर रूम पाण्याच्या पातळीखाली असते. पाणबुडीचा टॉर्पेडो लागला तर तिथून वर यायला वेळ मिळत नाही. १९७१ मध्ये अशीच बुडालेली आपली युद्धनौका 'खुकरी' आम्हाला सगळ्यांना ठाऊक होती.

असं दोन महिने चाललं. एकही तोफ शत्रूवर उडाली नाही. एकही क्षेपणास्त्र सुटलं नाही. मग हे काय होतं? युद्ध होतं की नव्हतं?

तुमच्यापैकी कुणी, किंवा घरचं कुणी, १९७१ मध्ये, १९९९ मध्ये, २००१-०२ च्या 'ऑपरेशन पराक्रम'च्या, म्हणजे सीमेवर सैन्य उभं केलं होतं त्या वेळी समुद्रावर होतं का? काय आठवतं? आणि त्या पोराला मी काय सांगावं?

---

कुलाबावाली:

दादा, वाचता वाचता हात थांबला. आम्ही तेव्हा नेव्ही नगरमध्ये होतो. माझे मिस्टर दुसऱ्या जहाजावर, इलेक्ट्रिकलला. मुलगा पाच वर्षांचा, त्याची शाळा जूनमध्ये सुरू व्हायची होती.

एका सकाळी ते नेहमीसारखे डबा घेऊन गेले आणि संध्याकाळी आले नाहीत. शेजारणीकडून कळलं की जहाज सेल झालं. कुठे, किती दिवस, काही नाही. पत्ता एकच, फ्लीट मेल ऑफिसमार्फत. आंतरदेशीय पत्रं मी रोज लिहायची, त्यांना ती सात-आठ एकदम मिळायची. मग मी पत्रांवर क्रमांक घालायला लागले, म्हणजे कोणतं आधी वाचायचं ते कळावं.

टीव्हीवर रात्रंदिवस बर्फ आणि बोफोर्स दिसायची. समुद्राचं कुणी नावच काढायचं नाही. मला त्याचं एका बाजूला बरं वाटायचं आणि दुसऱ्या बाजूला राग यायचा. बरं अशासाठी, की बातमी नाही म्हणजे काही घडलं नाही. राग अशासाठी, की सासरहून फोन यायचा आणि सासूबाई म्हणायच्या, "त्याचं बरं आहे गं, तो कुठे डोंगरावर आहे."

रविवारी मुलाला घेऊन गेटवेला जायचे. त्याला वाटायचं फिरायला आलो. मी बंदरातली करडी जहाजं मोजायचे. जितकी कमी तितकी छाती धडधडायची. एका रविवारी तो स्वतःच म्हणाला, "आई, आज दोनच आहेत." त्याला कळत होतं हे मला तेव्हा कळलं.

---

रात्रपाळी:

ताई, पत्रांवर क्रमांक. हे मी कधी विसरणार नाही.

---

आडवा_प्रश्न:

स्टोकरकाका, तुमच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून एक मुद्दा मांडतो. माझे मामा तेव्हा द्रासला होते. युद्ध डोंगरावर जिंकलं गेलं. ५२७ जवान गेले, तोलोलिंग १३ जूनला आणि टायगर हिल ४ जुलैला घेताना पोरांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर 'नौदलाने कराचीची नाडी दाबली म्हणून पाकिस्तान नमला' असं जे फॉरवर्डमध्ये फिरतं ते मला पटत नाही. नाकेबंदी जाहीर झाली नव्हती. एकही तेलाचं जहाज अडवलं गेलं नव्हतं. मग श्रेय कशाचं? तुमचे कष्ट खरे आहेत, त्यावर शंका नाही. पण कष्ट आणि परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

देवगडचा_स्टोकर:

@आडवा_प्रश्न, तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगा. श्रेय मी मागतच नाही. डोंगरावर जे गेले त्यांच्या शेजारी स्वतःचं नाव लिहायची माझी इच्छा नाही, आणि म्हणूनच त्या पोरासमोर माझी जीभ अडली.

तुमचं अर्धं बरोबर आहे. आम्ही कुणाचं व्यापारी जहाज अडवलं नाही. पण दुसरं अर्धंही बघा. तेव्हा पाकिस्तानचं ग्वादर बंदर नव्हतं, त्याचं काम २००२ मध्ये सुरू झालं. पाकिस्तानचा समुद्रमार्गे होणारा जवळजवळ सगळा व्यापार, त्यात तेल आलं, कराची आणि शेजारच्या पोर्ट कासिममधून. म्हणजे एकच दार. त्या दारासमोर मोठं आरमार महिनाभर उभं आहे हे त्यांना दिसत होतं. त्यांना आपल्या तेलाच्या जहाजांना सोबत द्यायला युद्धनौका लावाव्या लागल्या. जी युद्धनौका तेलाच्या जहाजाबरोबर बांधली गेली ती दुसरं काही करू शकत नाही. डोंगरावरची लढाई समुद्रापर्यंत पसरू नये, आणि पसरलीच तर आपण तयार असावं, एवढंच आमचं काम होतं. ते किती उपयोगी पडलं हे मोजायची पट्टी माझ्याकडे नाही.

---

आडवा_प्रश्न:

हे मान्य. 'पसरू नये' हा शब्द मला पटतो. 'नाडी दाबली' पटत नाही.

---

तेलवाहू:

मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो. ९९ च्या जूनमध्ये पर्शियन आखातातून कच्चं तेल घेऊन गुजरातमधल्या वाडीनारला येत होतो. कच्छच्या आखाताच्या तोंडापासून बरंच बाहेर असताना जहाजांच्या वायरलेसवर, चॅनल १६ वर आवाज आला. नाव काय, झेंडा कोणता, माल काय, मागचं बंदर कोणतं, पुढचं कोणतं. आवाज एकदम शांत, आपल्याकडच्या वळणाचं इंग्रजी. रडारवर जहाज दिसत होतं, डोळ्यांना काहीच नाही, पावसाची भिंत. आमच्या कॅप्टनने सगळी माहिती दिली. पलीकडून "थँक यू, गुड वॉच" आलं आणि संपलं.

आमच्या जहाजावर नऊ देशांची माणसं होती. फिलिपिनो बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) मला म्हणाला, तुमचे लोक एवढ्या हवेत बाहेर आहेत? आमचं जहाज अडीचशे मीटरच्या पुढचं, भरलेलं, तरी हलत होतं. तुमचं फ्रिगेट म्हणजे शंभर-सव्वाशे मीटर. त्या रात्री मी जेवताना तुमच्याबद्दल विचार केला होता, हे तुम्हाला २५ वर्षांनी सांगता येतंय याचं मला फार बरं वाटतं.

---

हाय_प्लॅटफॉर्म:

बॉम्बे हायवर मी तेव्हा प्लॅटफॉर्मवर होतो. चौदा दिवस कामाचे, चौदा सुट्टीचे. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत. समुद्रात रोवलेला, तेल-वायूने भरलेला लोखंडी सांगाडा, हलता येत नाही, लपता येत नाही, वर ज्योत पेटलेली. अंधार करा म्हटलं तरी ती ज्योत कशी विझवणार? रात्री डेकवर उभं राहिलं की वाटायचं, आपण म्हणजे दहा मैलांवरून दिसणारी मशाल.

नौदलाची आणि तटरक्षक दलाची जहाजं आसपास फिरत असायची. एखादं करडं जहाज पहाटे दिसलं की कँटीनमधला आचारीसुद्धा बाहेर येऊन बघायचा. कुणीतरी आहे, एवढंच. म्हणून काका, 'फेऱ्या मारत होतो' हे वाक्य तुम्हाला लहान वाटत असेल, आम्हाला वाटत नाही. तुमच्या फेरीच्या आत आम्ही झोपत होतो.

---

मिठाची_गोळी:

थोडं विषयांतर. जेवण काय असायचं हो काका? आणि मासे?

---

देवगडचा_स्टोकर:

हा प्रश्न गावात सगळ्यात जास्त विचारतात! मासे नाहीत. चोहोबाजूंनी समुद्र आणि ताटात बटाटा. जहाज वेगात आणि मोहिमेवर असताना गळ टाकायला कोण थांबणार? पहिले दहा-बारा दिवस भाजी ताजी, मग बटाटा, कांदा, डाळ, डब्यातलं, शीतगृहातलं मटण आणि कोंबडी. पाव जहाजावरच भाजायचे, पहाटेच्या वॉचवरून वर आलं की तो वास यायचा. अजूनही बेकरीवरून गेलो की मला बॉयलर रूम आठवते.

मालवणकडचा एक जोडीदार होता, त्याने किटबॅगेत सुकट आणि कोकमं आणली होती. त्याने एकदा मेस डेकवर सुकट भाजली. पंजाबी, तमिळ, बिहारी, सगळे एकदम उठून बसले. वरून पाइप (लाउडस्पीकरवरची सूचना) झाला की खाली कुठे वायरिंग जळतंय का बघा! त्यानंतर सुकट न भाजता खायची असं ठरलं. कोकमाचं सार मात्र सगळ्यांना आवडलं. बॉयलर रूममधून वर आलेल्याला मीठ घातलेलं कोकम म्हणजे औषध.

---

मिठाची_गोळी:

वायरिंग जळतंय! 😀 आमच्या सोसायटीतसुद्धा हेच म्हणतात.

---

गिरगावकर:

मी सत्तरीचा आहे. १९७१ ला मी शाळेत, गिरगावात चाळीत. काचांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग, भोंगा वाजला की सगळे जिन्याखाली. आमच्या मजल्यावर नौदलातले एक गृहस्थ होते, ते महिनाभर दिसले नाहीत. ५ डिसेंबरला सकाळी वडिलांनी रेडिओ मोठा केला. ४ तारखेच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला होता. 'किल्टन' आणि 'कच्छल' सोबतीला. पाकिस्तानची 'खैबर' बुडाली. नंतर ८ तारखेच्या रात्री 'विनाश'ने केमारीचे तेलाचे साठे पेटवले. नौकांची नावं आम्हा पोरांना तोंडपाठ झाली होती.

आणि मग ९ तारीख. 'खुकरी', दीवच्या समुद्रात, पाणबुडीच्या टॉर्पेडोने. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. चाळीत त्या दिवशी कुणी मोठ्याने बोललं नाही.

काही वर्षांपूर्वी दीवला गेलो, स्मारक पाहिलं. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती, समोर तोच समुद्र. नावांची यादी वाचली. तुम्ही लिहिलंत ना की खाली काम करणाऱ्याच्या मनात एक गोष्ट असायची? तिथे उभा असताना मला नेमकं तेच वाटलं होतं, की यातले कितीजण खाली होते.

---

देवगडचा_स्टोकर:

@गिरगावकर, काका, तुम्ही लिहिलंत म्हणून सांगतो.

एका रात्री मिडल वॉचला, म्हणजे १२ ते ४, सोनारवर, म्हणजे पाण्याखालचं आवाजाने शोधणाऱ्या यंत्रावर, काहीतरी लागलं. आम्हाला खाली फक्त वेगाचा हुकूम येतो. अचानक वेग वाढवा, मग कमी, मग पुन्हा वाढवा, जहाज एकदम कलतं. का ते कुणी सांगत नाही आणि विचारायचीही वेळ नसते. बर्नर वाढवायचे, पाण्याची पातळी काचेत बघत राहायची. त्या काचेतली पाण्याची रेघ सोडून त्या वेळी जगात दुसरं काही नव्हतं. पाऊण तासाने सगळं थंड झालं. पाणबुडी नव्हती. माशांचा थवा असेल, देवमासा असेल. वर आलो तेव्हा शेजारचा पोरगा, वीस-एकवीसचा, जिन्याच्या दांड्याला घट्ट धरून उभा होता. त्याची बोटं मी एकेक करून सोडवली. दोघेही काही बोललो नाही.

---

सातपाटी_बंदर:

आमच्याकडे पावसाळ्यात होड्या वर, त्यामुळे ९९ च्या जूनमध्ये आमचे कुणी बाहेर नव्हते. पण नारळी पौर्णिमेच्या आधीच, १० ऑगस्टला, कच्छजवळ पाकिस्तानचं गस्ती विमान आपल्या हवाई दलाने पाडलं. युद्ध संपलं असं सगळे म्हणत होते आणि हे झालं. दर्याला नारळ दिला, पण त्या वर्षी नाखवा लोक उत्तरेकडे जायला बिचकत होते. माझे वडील म्हणाले, पापलेट कमी मिळालं तर चालेल.

इथल्या लोकांना एक सांगतो. सीमेचा तणाव आमच्याकडे युद्ध संपल्यावरही संपत नाही. पाण्यावर रेघ नसते. डहाणू, तलासरी, पालघरकडचे गरीब आदिवासी पोरगे गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, बोट पलीकडे धरली गेली की वर्षानुवर्षं कराचीच्या तुरुंगात. त्यांच्या बायका पोस्टमनची वाट बघतात. कुलाबावाली ताईंची पत्रं वाचून मला त्याच आठवल्या. या बायकांना मेल ऑफिसचा पत्ताही नसतो.

---

कुलाबावाली:

@सातपाटी_बंदर, हे मी कधी असं शेजारी ठेवून पाहिलंच नव्हतं. त्या कुटुंबांसाठी तुमच्याकडे कुणी काम करत असेल तर मला निरोप पाठवा. खरंच.

---

गोदीकर:

मी गोदीत फिटर होतो, ३१ वर्षं. लायन गेटमधून आत जाऊन आत्ताच बाहेर पडल्यासारखं वाटतं. स्टोकरभाऊ, तुम्ही लिहिलंत की 'गोदीत रात्रंदिवस दिवे'. त्या दिव्याखाली आम्ही होतो, हे वाचून फार आनंद झाला.

मे महिन्यात आमच्यातलेही निम्मे गावी होते. तार नव्हती आम्हाला, पण लालबाग-परळच्या खोल्यांतून निरोप गेले आणि माणसं परत आली. कुणी शाकारणी टाकून आलं, कुणी भावाचं लग्न. एक जहाज दुरुस्तीत उघडलेलं होतं, पंप बाकावर पडलेले, ते सगळं परत बसवून पाण्यात सोडायचं. घरी जायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, कुणी गेलंच नाही. बाकाखाली गोणपाट टाकून झोपायचो.

तुमच्या बॉयलरच्या ट्यूबा दगा देत असणार. त्या वयाच्या बॉयलरला समुद्रात असं ताणलं की ट्यूब जाणारच. परत आलेल्या जहाजांच्या बॉयलरचे ड्रम आम्ही उघडायचो तेव्हा आत नवे प्लग मारलेले दिसायचे. मी नेहमी विचार करायचो, हा प्लग भर समुद्रात कुणी मारला असेल?

---

देवगडचा_स्टोकर:

@गोदीकर, त्यातला एक मी मारला.

जूनचा शेवटचा आठवडा. एका बॉयलरचं पाणी भसाभसा कमी व्हायला लागलं, धुराड्यातून पांढरी वाफ. ट्यूब गेली. तो बॉयलर बंद केला, जहाज एकावर चालू, वेग अर्धा. आजूबाजूला काय आहे ते माहीत नाही आणि आपण लंगडतोय. सीनियर इंजिनिअर म्हणाले, थंड व्हायला पूर्ण वेळ देता येणार नाही. ड्रमचं झाकण लंबगोल असतं, साधारण सोळा इंच बाय बारा इंच. त्यातून आत जायचं, ड्रमच्या आत आडवं पडायचं, शेकडो भोकांतून फुटलेल्या ट्यूबचं भोक शोधायचं आणि त्यात प्लग ठोकायचा. सगळ्यांत बारीक मी आणि अजून एकजण.

ओली गोणपाटं अंगाला गुंडाळली. पायाला दोरी. तो दहा मिनिटं आत, मग मी दहा मिनिटं. आत गेलं की श्वास घशातच गरम होतो. जहाज डोलत होतं त्यामुळे हातोडी नेमकी बसेना. माझ्या तिसऱ्या फेरीला प्लग बसला. बाहेर ओढून काढलं तेव्हा हाताची कातडी पाव भाजल्यासारखी लाल. कुणीतरी डोक्यावर पाणी ओतलं, गोडं पाणी, पूर्ण बादली. त्या दिवसांत एक बादली गोडं पाणी म्हणजे काय ते जहाजावरच्यालाच कळेल. सकाळी दोन्ही बॉयलर चालू होते.

हे मी घरी कधी सांगितलं नव्हतं. आईला तर नाहीच.

---

गोदीकर:

भाऊ. इतक्या वर्षांनी उत्तर मिळालं.

---

आडवा_प्रश्न:

काका, मी वर कष्ट आणि परिणाम वेगळे असं लिहिलं होतं. ते मत बदललेलं नाही, पण ते वाक्य तुमच्या धाग्यावर मी जरा लवकर लिहिलं.

---

क्रिकेटवेडा:

८ जून ९९, मँचेस्टर, वर्ल्ड कपमधली भारत-पाकिस्तान मॅच! जहाजावर कळलं का?

---

देवगडचा_स्टोकर:

कळलं ना! कम्युनिकेशनचा एकजण स्कोअर कागदावर लिहून खाली पाठवायचा. बॉयलर रूममध्ये तो कागद तेलकट हातांनी इतका फिरला की शेवटी आकडे पुसट झाले. ४७ धावांनी जिंकलो, वेंकटेश प्रसादचे पाच बळी. त्या रात्रीची वॉच कशी गेली कळलंच नाही.

---

धाकटा_भाऊ:

माझा मोठा भाऊ सध्या नौदलात आहे. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी त्याचा फोन बंद झाला. शेवटचा मेसेज 'जेवलो' एवढाच. आमच्याकडे पत्रं नाहीत, फोनवरचं ते 'लास्ट सीन' आहे. आई दिवसातून वीसदा ते बघायची. तिला मी समजावायचो की युद्धनौकेवर मोबाईल चालत नाही, तरी बघायचीच. नंतर नौदलाने सांगितलं की विमानवाहू जहाजासह ताफा उत्तर अरबी समुद्रात पुढे नेऊन ठेवला होता. १० मेला युद्धविराम झाला, त्याचा फोन बऱ्याच दिवसांनी आला. कुठे होतास विचारलं तर म्हणाला, "कामावर."

काका, तुमचं 'फेऱ्या मारत होतो' आणि त्याचं 'कामावर' सारखंच आहे. तुम्ही लिहिलंत म्हणून मला आतलं थोडं कळलं. तो कधी सांगेल असं वाटत नाही.

---

पराक्रमवाला:

मी २००१-०२ ला होतो, पश्चिम ताफ्यात. १३ डिसेंबरला संसदेवर हल्ला झाला आणि त्यानंतर जवळजवळ दहा महिने. कारगिलला निदान पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होऊन पावसाळ्यात संपलं. आमच्या वेळी जा, ये, परत जा. मे महिन्यात जम्मूजवळ कालूचकला झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर तर आता होणारच असं सगळ्यांनी धरलं होतं. पूर्वेकडची जहाजं पुन्हा आली. माणूस आज-उद्या म्हणत किती दिवस ताठ राहू शकतो? घरी चिडचिड, जहाजावर चिडचिड. एका वरिष्ठाने मला नको ते ऐकवलं होतं, ती सल अजून आहे. ऑक्टोबरमध्ये सैन्य मागे घ्यायचा निर्णय झाला तेव्हा आनंद नाही झाला, फक्त झोप आली. मी घरी जाऊन दोन दिवस झोपलो.

याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिलं.

---

वर्गशिक्षिका:

मी सातवीलाच शिकवते, म्हणून मूळ प्रश्नाकडे येते. काका, त्या मुलाला 'ताफा', 'तैनाती', 'दबाव' असं काही सांगू नका. त्या वयाला माप लागतं. ड्रमचं झाकण सोळा बाय बारा म्हणालात ना? ते त्याला पुठ्ठ्यावर काढून द्या. बाकी तो स्वतः विचारेल.

---

गिरगावकर:

बाईंचं शंभर टक्के खरं.

---

कुलाबावाली:

आणि दादा, घराचं काय झालं ते तुम्ही सांगितलंच नाही. आईंनी पावसाळा कसा काढला?

---

देवगडचा_स्टोकर:

ताई, मी पोचलो गणपतीला. सप्टेंबर उजाडला होता. वाटलं होतं घर सगळं बसलेलं असणार. बघतो तर अर्ध्या छपरावर कौलं आणि अर्ध्यावर माडाचे झाप, व्यवस्थित बांधलेले. वाडीतले लोक, ज्यांची स्वतःची शाकारणी राहिली होती ते, माझी गाडी सुटल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे चढले होते. जमेल तेवढी कौलं लावली, पाऊस आला तेव्हा उरलेल्यावर झाप टाकले. माजघरात तरी तीन ठिकाणी गळत होतं. आईने तिथे तीन भांडी ठेवली होती आणि गणपतीची जागा या वर्षापुरती दोन हात सरकवली होती. माटवी, म्हणजे गणपतीच्या वरची सजावटीची चौकट, नव्या जागी बांधलेली. ती म्हणाली, देवाला सांगितलंय, पुढच्या वर्षी परत जागेवर. छप्पर कुणी केलं त्यांची नावं तिने मला एकेक करून सांगितली आणि म्हणाली, आधी त्यांच्याकडे जाऊन ये, मग जेव.

वर्गशिक्षिका बाई, तुमचं ऐकलं. काल पोरगा आला होता. टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लंबगोल काढला, सोळा बाय बारा, त्यानेच कापला. दोन खुर्च्यांच्या मध्ये बांधून त्यातून आत गेला. आधी डोकं घातलं, खांदे अडकले, मग एक हात पुढे घालून तिरपा सरकला. मी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच जमलं. आत जाऊन जमिनीवर आडवा पडला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "आजोबा, अंधार होता?" म्हटलं, एक हातबत्ती होती. "आणि मागे कसं वळायचं?" तेवढ्यात त्याची आई न्यायला आली. रविवारी परत येणार आहे.

---

गोदीकर:

त्याला सांगा, आत वळता येत नाही. पाय आधी बाहेर, मग कंबर, हात डोक्यावर सरळ. आणि बाहेर एक माणूस दोरी धरून पाहिजे.